सुब्राय हेगड्यांचा गॅस

सुब्राय हेगड्यांना ‘छ’ हे अक्षर जन्मात कधी वश झालं नाही. ‘क’चं तेच, आणि स्वतःचं नाव तर विचारूच नका. जीभ टाळूला लागली की तिथेच चिकटायची, गळ्यात कुणी बूच मारल्यासारखं व्हायचं आणि समोरचा माणूस मान पुढे काढून वाट बघत राहायचा. दोन क्षण, तीन क्षण. मग त्यालाच दया येऊन तो एखादा शब्द सुचवायचा. तो शब्द बरोबर असो वा चूक, हेगडे मान डोलवायचे. सुटका झाली की पुरे.

पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी अशा वाटा शोधून ठेवल्या होत्या, की परक्याला चटकन कळूही नये. जो शब्द अडेल तो टाळायचा आणि शेजारचा घ्यायचा. शिरसीहून कुमट्याला जायचं असलं की कंडक्टरकडे तिकीट मागायचे होन्नावरचं, कारण ‘ह’ सुटा यायचा. पैसे होन्नावरचे द्यायचे आणि कुमट्याला उतरायचं. कंडक्टर ओरडायचा, “अहो, तुमचं होन्नावर अजून लांब आहे!” हे हात हलवून चालू लागायचे.

कामही त्यांना नशिबाने बिनबोलाचं मिळालं होतं. बाळेकोप्पात खाली दरीत दीड एकर पोफळीची बाग आणि शिरसीच्या सोसायटीत सुपारी निवडायची नोकरी. ढिगासमोर मांडी घालून बसायचं आणि हाताने प्रत वेगळी करायची. हेगड्यांचा हात असा, की डोळे मिटूनही किडकी सुपारी बाजूला पडावी. तिथला लिलावसुद्धा चिठ्ठ्यांवर; व्यापारी भाव लिहून पेटीत टाकतात, कुणी ओरडत नाही. “हेगडेरे, जगातल्या सगळ्या बाजारांनी तुमच्यासाठी असं गप्प व्हायला हवं,” असं हमाल थट्टेने म्हणायचे.

घरी तर बोलायची गरजच नव्हती, कारण घरी यमुना होती. यमुनाबाईंच्या तोंडाला झाकण नाही, असं त्यांची सासू म्हणायची, पण त्यात कौतुक जास्त असायचं. नवऱ्याने वाक्य सुरू करायचं आणि बायकोने संपवायचं, असा त्या घराचा अठ्ठावीस वर्षांचा रिवाज. “आज बा...” “बागेत पाणी सोडायचंय, माहीत आहे मला. आधी कषायाचा काढा प्या.” दहातल्या नऊ वेळा तिचं बरोबर असायचं. दहाव्या वेळी हेगडे काही बोलायचे नाहीत. इतक्या मायेने दिलेला शब्द परत कसा करायचा?

दोन वर्षांपूर्वी, सुगीच्या दिवसांत, खांद्यावर सुपारीचे घड घेऊन ते बागेतून वर येत होते. बाग ते घर चढ आहे, आणि घर ते रस्ता आणखी सत्तर पायऱ्या, जांभ्या दगडाच्या. मधल्या फणसापाशी त्यांना छातीच्या मधोमध कुणी मूठ वळल्यासारखं झालं. ते बसले. घाम आला. पाच मिनिटांत मूठ सुटली. उठून ते वर आले, जेवले आणि झोपले.

असं पुन्हा झालं, आणि आणखी एकदा झालं, तेव्हा ते पै डॉक्टरांकडे गेले. पै म्हणजे तिठ्यावरचा जुना, सज्जन माणूस. सकाळी दवाखान्यात साठ माणसं. खोकणारी, कण्हणारी, पोरं रडणारी. हेगड्यांची पाळी आली तेव्हा मागे दाराशी आठजण उभे होते आणि त्यातला एक घसा खाकरत होता.

“काय होतंय सुब्राया?”

“छ...” हेगडे म्हणाले. “छ...”

मागचा पुन्हा खाकरला. पै डॉक्टर पेन धरून थांबले. तसे ते चांगले पंधरा क्षण थांबले, पण हेगड्यांना ते पंधरा क्षण पंधरा वर्षांसारखे वाटले. मग शोधत शोधत एक शब्द जिभेवर आला, सोपा, गुळगुळीत.

“गॅस,” ते म्हणाले.

“गॅस? पोट फुगतं? ढेकर?”

“हो.”

झालं. त्या दिवसापासून सुब्राय हेगड्यांना गॅस झाला. पै डॉक्टरांच्या गोळ्या, यमुनाबाईंचं जिऱ्याचं पाणी, ओव्याची पूड, रात्रीचं जेवण बंद. शेजारपाजारी, लग्नकार्यात यमुनाबाई सांगायच्या, “यांना गॅसचा फार त्रास. फणसाचा पापड तर वर्ज्यच केलाय.” आणि हेगडे, ज्यांना फणसाच्या पापडावाचून जेवण जायचं नाही, बाजूला बसून मान डोलवायचे. खोटं एकदाच बोलले होते. पुढे ते इतरांनीच चालवलं.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली आणि सोसायटीची वार्षिक सभा आली. मांडवाच्या दाराशी निळ्या टी-शर्टातली एक मुलगी टेबल मांडून बसली होती. मोबाइलवर डॉक्टर, घरबसल्या, कन्नडमध्ये. सभासदांना पहिला सल्ला फुकट आणि नाव नोंदवणाऱ्याला स्टीलचा डबा. डब्यासाठी रांग लागली. हेगडेही लागले.

“नाव, सर?”

“स...” जीभ चिकटली. “हेगडे.”

“आडनाव?”

“हेगडे.”

मुलीने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि लिहून टाकलं. त्या कंपनीच्या लेखी त्यांचं नाव कायमचं ‘हेगडे हेगडे’ झालं.

पुढे दोनेक महिने अ‍ॅप फोनमध्ये नुसतं पडून होतं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे हॉटेलात गेलेले, हेगडे पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. सकाळीच सोसायटीचा जिना चढताना मूठ वळली होती. त्यांनी सहज अ‍ॅप उघडलं. पडद्यावर एक रिकामी चौकट आली आणि वर ओळ होती: तुमची तक्रार इथे लिहा.

चौकट त्यांच्याकडे बघत होती, पण मान पुढे काढून नाही. ती खाकरत नव्हती.

हेगड्यांनी लिहायला घेतलं. ‘छातीत’ हा शब्द बोटाने एका दमात लिहिला आणि ते स्वतःच क्षणभर त्याकडे बघत राहिले. मग सगळं लिहिलं. फणसापाशी पहिल्यांदा झालेलं. चढावर होतं, थांबलं की जातं. डाव्या दंडात मुंग्या येतात. वडील बावन्नाव्या वर्षी बागेतच गेले. गॅसच्या गोळ्या दोन वर्षं घेतो, त्यांनी काही होत नाही, कारण गॅस नाहीच. आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना: ‘हे घरी सांगितलेलं नाही. माझ्या वतीने बायकोच बोलते. हे तिला बोलायला लागू नये असं वाटतं. ती घाबरेल.’

पाऊण तास झाला होता. इतकं सलग ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

उत्तर लगेच आलं. कुणी एक डॉक्टर होते, नेमकं विचारत होते. दुखणं किती वेळ टिकतं? घाम येतो? विडी-तंबाखू? हेगडे भराभर उत्तरं लिहीत होते. त्यांना मजा वाटायला लागली होती, पत्त्यांत हुकूम लागल्यासारखी. मग अक्षरं उमटली: हे महत्त्वाचं आहे, मला तुमच्याशी बोलायला हवं, फोन करतो.

फोन वाजला. हेगड्यांनी तो कानाला लावला आणि बूच बसलं.

“हॅलो? हेगडे हेगडे ना? हॅलो?”

हेगड्यांची मान ताठ झाली, ओठ थरथरत होते. आतून सगळं जोर लावत होतं. बाहेर श्वाससुद्धा येत नव्हता.

“हॅलो? आवाज येत नाहीये तुमचा. हॅलो?”

फोन बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा तेच. मग पडद्यावर निरोप आला: ‘नेटवर्कच्या अडचणीमुळे सल्ला पूर्ण होऊ शकला नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ लिहिलेलं सगळं करड्या रंगाचं झालं आणि खाली लिहायची चौकट नाहीशी झाली.

नेटवर्कच्या चारही दांड्या उभ्या होत्या. आजवर लोकांनी त्यांना तोतरा म्हटलं होतं, मठ्ठ म्हटलं होतं, शाळेत एका मास्तरांनी तर ढोंगी म्हटलं होतं. पण आपण बोलत असताना समोरच्याला तिथे माणूसच नाही असं वाटावं, हे पहिल्यांदाच घडलं. हेगडे उठले, ढिगाशी जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

आठ दिवसांनी त्यांनी पैसे भरून दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी सगळ्यात वर: ‘मी तोतरा आहे. कृपा करून फोन करू नका.’ जुनं लिहिणं नव्या डॉक्टरला दिसतं की नाही ते कळेना, म्हणून सगळं पुन्हा लिहिलं, पण या वेळी हात तितका चालला नाही. गॅसच्या गोळ्यांचा उल्लेख राहिला, वडिलांचाही राहिला. तीन मिनिटांत उत्तर आलं: बहुधा पित्त. गोळ्या सकाळी उपाशीपोटी. त्रास वाढल्यास जवळच्या डॉक्टरांना दाखवा. आपला दिवस शुभ जावो.

म्हणजे गॅसच. हेगडे स्वतःशी हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. गोड आवाज होता आणि थांबायचं नाव नव्हतं. संपूर्ण शरीराची तपासणी, एकोणसत्तर चाचण्या, आजपुरती निम्म्या दरात, माणूस घरी येऊन रक्त नेईल. “चालेल ना सर?” हेगडे ‘नको’ म्हणायला गेले. ‘न’ तसा कधी अडत नाही, पण त्या दिवशी अडला.

“थँक यू सर, उद्या सकाळी सातला बुक केलंय.”

नवऱ्याचं मौन म्हणजे होकार, असं यमुनाबाईही अधूनमधून धरायच्या; पण त्या निदान तोंडाकडे बघून धरायच्या.

सकाळी सातला मोटारसायकल रस्त्यावर थांबली आणि एक घामेघूम गृहस्थ सत्तर पायऱ्या उतरून खोका घेऊन अंगणात आले. हेगडे गोठ्यात होते. यमुनाबाई दोशाच्या तव्यावरून उठून आल्या.

“हेगडे हेगडे इथेच राहतात का? रक्त घ्यायला आलोय.”

“कुणाचं रक्त? आमच्याकडे कोण आजारी आहे?”

त्यांनी कागद पुढे केला. यमुनाबाईंनी तो वाचला, कागदावरचं अ‍ॅपचं नाव वाचलं, आणि तडक आत जाऊन खुंटीवरच्या शर्टातून नवऱ्याचा फोन काढला. तव्यावरचा दोसा करपला. त्या उंबऱ्यावर बसून वाचत होत्या, आधी दुसरं लिहिलेलं, मग वर सरकवून करड्या अक्षरांतलं पहिलं. रक्तवाले गृहस्थ अवघडून उभे राहिले आणि शेवटी स्वतःच आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला.

हेगडे दुधाची बादली घेऊन आले तेव्हा बायको रडत होती. रागाचं रडणं होतं ते.

“अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या तोंडचं वाक्य पुरं करते,” ती म्हणाली. “एवढं एक वाक्य तेवढं माझ्यापासून लपवलंत? मी गावभर सांगत सुटले, यांना गॅस, यांना गॅस! तोंडातला पापड काढून घेतला मी तुमच्या!”

“यमु...”

“ती घाबरेल म्हणे! घाबरेन नाहीतर काय करेन? तुमच्या वडिलांना त्या फणसापासून वर कुणी आणलं? मी होते ना तेव्हा. नवी नवरी होते.” तिने पदराने नाक पुसलं. “मागच्या आठवड्यात किती वेळा झालं?”

हेगड्यांनी तीन बोटं वर केली. मग थोडं थांबून चौथं.

“चढावर?”

त्यांनी मान डोलवली. मग न्हाणीघराकडे बोट दाखवलं. काल नुसतं अंगावर पाणी घेतानाही झालं होतं.

यमुनाबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. “लिहा. आत्ता, माझ्यादेखत. आणि त्याला सांगा फोन कर म्हणून. लिहिलेलं हे लोक अर्धंच वाचतात.”

हेगड्यांनी लिहिलं: ‘मी तोतरा आहे. फोन करा, पण थांबा.’ पुढे चार ओळी.

पाच मिनिटांत पडद्यावर चेहरा उगवला. डॉ. लवीना डिसा, चष्मा, मागे कोरी भिंत, बोलण्यात मंगळुरी हेल. वर कोपऱ्यात पंधरा मिनिटांचे आकडे उलटे पळायला लागले.

“नमस्कार काका. बोला, काय होतंय?”

बूच बसलं. हेगड्यांचे डोळे बारीक झाले, हनुवटी वर गेली आणि चेहरा तसाच गोठला. यमुनाबाई शेजारी पदराचा बोळा मुठीत धरून बसल्या होत्या. शब्द त्यांना ठाऊक होता. त्यांच्या दातांपर्यंत आला होता.

“काका? हॅलो? चित्र अडकलंय वाटतं.” डॉक्टरबाईंचं बोट पडद्याकडे आलं. “मी पुन्हा लावते—”

“ठेवू नका!” यमुनाबाई ओरडल्या. “अडकलेलं नाही काही. ते बोलतायत!”

बोट थांबलं. डॉक्टरबाईंनी पडद्याच्या जवळ येऊन नीट पाहिलं, चष्मा वर केला, मग हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.

“बोला काका,” त्या म्हणाल्या. “मी आहे.”

आणि गप्प बसल्या. रक्तवाले गृहस्थ गप्प, यमुनाबाई गप्प. गोठ्यात वासराने घंटा हलवली तेवढीच.

“छ...” हेगडे म्हणाले. “छ... छातीत.”

एकदा तो बाहेर पडल्यावर बाकीचे शब्द, अडखळत का होईना, मागोमाग आले. डॉक्टरबाई मध्ये बोलल्या नाहीत. फक्त ‘हो’ म्हणत होत्या. न्हाणीघराचं ऐकल्यावर मात्र त्या ताठ बसल्या.

“काका, हे फोनवर बरं होणारं नाही. आजच इस्पितळ, आत्ता. गाडीने जायचं. वाटेत जवळ डॉक्टर असतील तिथे हृदयाचा आलेख काढून घ्या. आणि चालायचं नाही, जिना चढायचा नाही. रस्ता किती लांब आहे घरापासून?”

“सत्तर पायऱ्या,” यमुनाबाई म्हणाल्या. मग जीभ चावून नवऱ्याकडे पाहिलं.

“तर मग उचलून न्या. कुणी आहे ना? पोहोचलात की मला कळ—”

पंधरा मिनिटं संपली. पडदा पांढरा झाला आणि वर पाच तारे आले: तुमचा अनुभव कसा होता?

उचलायला माणसं मिळाली. शेजारचा तिम्मा नाईक, त्याचा मेहुणा, आणखी दोघे आले. लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी पोफळीचे दांडे बांधले आणि हेगड्यांना तिच्यात बसवलं. रक्तवाल्या गृहस्थांनी खोका पाठीला लावला आणि एका दांड्याला खांदा दिला.

“हेगडेरे, नवरदेवासारखे बसलात की!” तिम्मा धापा टाकत म्हणाला. “वजन पण गॅसचंच म्हणायचं का?”

हेगडे हसले. मध्येच मूठ वळली, पण त्यांनी दांडा घट्ट धरून ठेवला आणि कुणाला थांबवलं नाही.

तिठ्यावर पै डॉक्टरांनी रांग बाजूला सारून आलेख काढला. कागद यंत्रातून सरकत बाहेर आला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. गोळ्या चघळायला दिल्या, हुबळीच्या इस्पितळाला फोन केला, रुग्णवाहिका मागवली. ती यायला वीस मिनिटं होती. तेवढ्या वेळात ते खाटेच्या कडेला बसले.

“सुब्राया, दोन वर्षं मी तुला पित्ताच्या गोळ्या घातल्या.”

“मी सांगितलं न... नाही.”

“तू सांगत होतास,” पै म्हणाले. “आठवतंय मला. मी पुरता थांबलो नाही.”

हुबळीला हृदयाच्या दोन नळ्या बंद निघाल्या. एक जवळजवळ पूर्ण. दोन्ही ठिकाणी जाळी बसवली. आत नेण्याआधी एका शिकाऊ डॉक्टरने यमुनाबाईंना विचारलं, “यांना कधीपासून त्रास?” त्या म्हणाल्या, “त्यांनाच विचारा,” आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या, कारण तिकडे बघितलं असतं तर बोलल्यावाचून राहवलं नसतं. हेगड्यांना सांगायला चार मिनिटं लागली. शिकाऊ डॉक्टरने दोनदा घड्याळ पाहिलं, पण लिहून घेतलं सगळं.

महिन्याभराने हेगडे सोसायटीत जाऊ लागले. बागेत उतरतात, पण घड उचलत नाहीत. पै डॉक्टरांनी त्यांना दुपारी दोनला यायला सांगितलं आहे, दवाखाना रिकामा असतो तेव्हा. “मी कॉफी घेत बसतो, तू सावकाश ये मुद्द्यावर,” म्हणतात. फणसाच्या पापडाचं मात्र काही जमलं नाही. आता तळलेलं बंद.

एक गोष्ट हेगड्यांच्या मनातून जाईना. त्या डॉक्टरबाईंनी पोहोचल्यावर कळवा म्हटलं होतं, आणि कळवायला वाट नव्हती. त्यांनी अ‍ॅपवर तीनदा शोधलं. दर वेळी दुसरंच कुणी उपलब्ध होतं. शेवटी त्यांनी पाच तारे दिले. काय आवडलं, याच्या खाली तीन पर्याय होते: वेग, सौजन्य, किफायत. त्यातलं एकही बरोबर नव्हतं. त्यांनी खालच्या चौकटीत लिहिलं, ‘डॉक्टर थांबल्या.’ मिनिटाभरात उत्तर आलं: ‘तुम्हाला थांबावं लागलं याबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या वेळी लवकर सेवा देऊ.’

यमुनाबाई हसून हसून खांबाला टेकल्या. हेगडे हसले नाहीत. त्यांनी मदतीचा नंबर शोधला आणि फोन लावला. आपण होऊन परक्या माणसाला फोन करायची ही त्यांची पहिलीच वेळ. यमुनाबाई कांदा चिरता चिरता थांबल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

पहिल्यांदा पलीकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा एक तरुण आवाज म्हणाला, “सर, मला तुमचा श्वास ऐकू येतोय. घाई नाही.”

“त... तक्रार नाही,” हेगडे म्हणाले. “ड... डिसा बाईंना सांगा. हेगडे प... पोहोचले. जिवंत आहेत.”

“कोणते हेगडे, सर?”

आणि मग जीभ पुन्हा टाळूला लागली. हेगड्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि वाट पाहिली. पलीकडचा मुलगाही थांबला.

“सु... सुब्राय,” ते म्हणाले. “सुब्राय हेगडे. बाळेकोप्प.”

डॉक्टरांचा नंबर देता येत नाही, पण निरोप पुढे पाठवतो, असं त्याने सांगितलं. तो पोहोचला की नाही, कुणास ठाऊक. हेगड्यांनी फोन ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि बायकोकडे पाणी मागितलं. शब्द पुरा व्हायच्या आत यमुनाबाईंनी तांब्या उचलला होता. पण त्या तो हातात धरून उभ्या राहिल्या आणि शेवटचं अक्षर ऐकल्यावरच त्यांनी तो पुढे केला.